भाषेचा तास (भाग ६) : भरती किती वाजता?

मागच्या भागात वाचनाच्या कंटाळ्याबद्दल लिहिलं होतं. आज तासाच्या बांधणीकडे वळते. वर्ग चौथीचा, गाव गुहागर तालुक्यातलं अंजनवेल. वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. खाडीपलीकडे दाभोळ, अलीकडे टेकडीवर गोपाळगड. निम्म्या मुलांचं घर समुद्राच्या वेळापत्रकावर चालतं. अशा वर्गात ‘पुस्तकं काढा’ म्हणून तास सुरू केला की मुलं पुस्तक काढतात आणि मनाने बंदरावर निघून जातात. मी काही वर्षं असेच तास घेतले आणि लक्ष देत नाहीत म्हणून मुलांवरच चिडले. चूक माझी होती.

एकदा काहीच न बोलता फळ्यावर लिहिलं, ‘आज भरती किती वाजता?’ एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा उठून उभा राहिला. ‘बाई, आता सुकती हाय.’ एका मुलीने आजीचा हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. मग उद्या पंचमीला? सगळ्यांनी बोटांवर मोजून पावणेचार काढले.

मी ‘सुकती’ खोडली नाही. तिच्या शेजारी ‘ओहोटी’ लिहिलं आणि दोन्ही शब्द तास संपेपर्यंत फळ्यावर राहिले. घरचा शब्द पुसला की मूल पुढचं वाक्य बोलतच नाही, हे मी पुरेसं पाहिलं आहे. न्यूझीलंडमध्ये सिल्विया अ‍ॅश्टन-वॉर्नर माओरी मुलांना त्यांनीच मागितलेला शब्द कार्डावर लिहून देत आणि त्यावरूनच वाचायला शिकवत. त्यांचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ चं. आपल्याकडे फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेच्या कामात मुलांच्या स्वतःच्या बोलण्या-लिहिण्याला असंच मानाचं स्थान दिलं.

पहिली दहा मिनिटं बोलण्यात गेली. पुढची दहा त्याच बोलण्याची वाक्यं करण्यात. ‘आज चतुर्थी आहे, म्हणून भरती तीनला येईल.’ ‘जर उद्या पंचमी असेल, तर भरती पावणेचारला येईल.’ जर-तर शिकवायला मला एरवी दोन तास लागतात. इथे ते मुलांच्या तोंडातच होतं, फक्त फळ्यावर उतरवायचं होतं. पुस्तक उघडलं ते यानंतर. धड्यात ‘म्हणून’ कुठे आलाय, ‘जर’ कुठे आलाय, हे शोधताना मुलांनी अख्खा धडा दोनदा वाचला. मी ‘वाचा’ म्हटलं नव्हतं. शेवटी प्रत्येकाने दोन वाक्यं लिहिली आणि शेजाऱ्याला वाचून दाखवली.

मिनिटांचा आग्रह नको, क्रमाचा मात्र धरा : आधी बोलणं, मग फळा, मग पुस्तक, मग वही. आणि एक प्रश्न उद्यासाठी उघडा ठेवा. आम्ही ठेवला : पावणेचारला भरती खरंच येते का, बंदरावर जाऊन बघायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरीआधीच तो मागच्या बाकावरचा मुलगा वही घेऊन टेबलापाशी आला. एकच वाक्य होतं : ‘काल पंचमी होती, तरी भरती सव्वातीनलाच आली.’ माझ्या त्या आठवड्याच्या टाचणात ‘तरी’ नव्हताच.