भाड्याच्या खोलीला जामीन

गावचा पोरगा बारावी पास झाला. पुण्याच्या कॉलेजात नाव लागले. वसतिगृहात जागा मिळेना, म्हणून बापलेक खोली बघायला निघाले. खोली सापडली, भाडेही पटले. तोच घरमालक विचारतो, "जामीन कोण राहणार?" बापाला राग येतो. आम्ही काय पळून जाणार आहोत?

रागावू नका. जरा घरमालकाच्या जागी बसून बघू या. पोराला स्वतःची कमाई नाही. भाडे गावाहून यायचे. सोयाबीनचा भाव पडला की पैसे थांबले! परीक्षा संपली की पोरगा वळकटी उचलून गावी जातो. मागे थकलेले भाडे आणि विजेचे बिल राहते. मालकाने ते कुणाकडे मागावे?

म्हणून कुणी मालक अनामत जास्त घेतो, कुणी जामीन मागतो, तर कुणी विद्यार्थ्याला दारातूनच परत पाठवतो. आम्हाला विचाराल तर यांत जामीन मागणारा बरा. जून म्हणजे पेरणीचे दिवस. तेव्हा अनामतीला रोकड आणायची कुठून?

बापाची दहा एकर जमीन असली तरी लांबच्या गावी वसुलीला जाणे मालकाला परवडत नाही. त्याला जवळचा, पगारदार माणूस हवा असतो. मग पाळी येते ती शहरात नोकरीला असलेल्या मामावर.

मामा म्हणतो, "त्यात काय, सहीच तर करायची!" इथेच माणूस फसतो. कागदावर साक्षीदाराची सही वेगळी आणि जामीनदाराची वेगळी. साक्षीदार एवढेच सांगतो की, सही माझ्यासमोर झाली. जामीनदार सांगतो की, याने दिले नाही तर मी देईन. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, कागदात वेगळे लिहिले नसेल, तर मालक आधी पोराकडे न जाता थेट जामीनदाराकडे पैसे मागू शकतो. मामाने ते भरले, तर मामाला ते भाच्याकडून वसूल करता येतात. पण घरातल्या घरात कोर्टात कोण जातो?

तेव्हा किती महिन्यांच्या भाड्यापुरता आणि कोणत्या तारखेपर्यंत जामीन, हे कागदातच लिहून घ्यावे. बहुतेक करार ११ महिन्यांचे असतात. पुढे मालकाने आणि पोराने जामीनदाराला न विचारता भाडे वाढवले, तर त्यानंतरच्या व्यवहारातून जामीनदार सुटतो. मात्र "भाडे वाढले तरी जामीन चालू राहील" असे वाक्य आधीच घातलेले असते कधी कधी. ते शोधा.

महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने असा करार लेखी करून नोंदवावा लागतो. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. त्याची एक प्रत जामीनदारानेही मागून घ्यावी.

आणि हो, पोराला १८ वर्षे पुरी नसतील, तर त्याने केलेला करार कायद्यात टिकत नाही. तेव्हा शहाणा मालक जामीन मागतच नाही, करारच बापाच्या नावाने करतो.