फटफटीचा सांगाडा

धानाची पोती लादायला फटफटीचा मागचा भाग घरीच लांबवावा, असे गोंदियाकडच्या एखाद्या हौशी गड्याच्या मनात येते. वाचकहो, करवत उचलण्यापूर्वी जरा थांबा. ओझे मागच्या चाकाच्याही मागे गेले, की पुढचे चाक हलके पडते आणि हँडल ऐकेनासे होते. वेल्डिंगचा जोड वरून भक्कम दिसतो खरा. पण त्याच्या लगतची तापलेली नळी कमजोर होते, अन् खड्ड्यांचे हिसके खाऊन तडा बहुधा तिथेच जातो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असल्या फेरफाराला मनाई करते; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. तेव्हा हौस बैठकीवर, रंगावर भागवा. रंग बदललात तर परिवहन कार्यालयात नोंद करा. सांगाडा मात्र तसाच राहू द्या. पोत्यांना ट्रॅक्टर आहेच की!