विश्लेषण : लेखन कार्यशाळेत लिहितो कोण? विद्यार्थी की पाहुणे?

जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आला, की महाविद्यालयांच्या सूचना फलकांवर ‘लेखन कार्यशाळा’ झळकू लागतात. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे भाषण, जेवण, प्रमाणपत्र असा दिवस पार पडतो. अनेकदा त्या दिवसभरात विद्यार्थ्याने एक परिच्छेदही लिहिलेला नसतो. मग ही कार्यशाळा की व्याख्यान? खरी कार्यशाळा कशी असते आणि तिची गरज का आहे?

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये ‘रायटर्स वर्कशॉप’ सुरू झाली. विद्यार्थ्याने आपली कथा वा कविता वर्गातील सर्वांना आधी वाचायला द्यायची, मग सर्वांनी मिळून तिच्यावर चर्चा करायची, ही तिची पद्धत पुढे जगभर पसरली. याच विद्यापीठात १९६७ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात १९७०च्या दशकात कवी दिलीप चित्रेही सहभागी झाले होते. चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचे, हा आयोवाच्या पद्धतीतील नियम मात्र अलीकडे वादात सापडला आहे. बुजऱ्या विद्यार्थ्याचा आवाज त्याने आणखी दबतो, अशी टीका होते. म्हणून आता अनेक ठिकाणी लेखकच आधी सांगतो, की मला अमुक गोष्टीवर मत हवे आहे.

कार्यशाळेत नेमके काय होते?

साधा क्रम असा : दहा मिनिटे हात न थांबवता लिहायचे, लिहिलेले मोठ्याने वाचायचे, इतरांनी काय दिसले आणि काय कळले नाही ते सांगायचे आणि मग पुन्हा लिहायचे. यातील शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि वेळ संपला म्हणून सर्वांत आधी गळणारीही तीच.

उदाहरणार्थ, एखादी विद्यार्थिनी लिहिते, ‘आमच्या गावात भीषण पाणीटंचाई होती.’ वाक्य चुकीचे नाही, पण ते कुणाचेही असू शकते. कुणीतरी विचारते, ‘तू तेव्हा काय पाहिलेस?’ दुसऱ्या खर्ड्यात येते, ‘टँकरचा हॉर्न वाजला, की आई भाकरी तव्यावर सोडून हंडा घेऊन धावायची.’ हे वाक्य तिचे आहे. हा बदल भाषणातून होत नाही, समोरच्याने विचारलेल्या एका प्रश्नातून होतो.

शुद्धलेखनाचे आणि बोलीचे काय?

अनेक विद्यार्थी लिहीतच नाहीत, कारण आपली भाषा ‘अशुद्ध’ आहे असे त्यांना शाळेपासून ऐकवलेले असते. घरात वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणारा मुलगा कागदावर आला, की निबंधाच्या पुस्तकातली भाषा लिहू लागतो. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या खानदेशी बोलीतील कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या आणि मराठीने त्या डोक्यावर घेतल्या. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम शिकायलाच हवेत, पण शेवटच्या खर्ड्यात. पहिल्या खर्ड्यावर लाल शाई फिरली, तर दुसरा खर्डा येतच नाही.

एआयच्या काळात कार्यशाळा कशाला?

मोबाइलवर दोन ओळींची सूचना दिली, की क्षणात निबंध तयार होतो. परीक्षेतही वर्षानुवर्षे नोट्स जशाच्या तशा उतरवण्याची सवय आहेच. दोन्हींत विद्यार्थ्याने स्वतः विचार केल्याचा पुरावा नसतो. पदवीपर्यंतच्या पंधरा वर्षांत स्वतःचे एक पान लिहून ते कुणी लक्षपूर्वक वाचले, असा अनुभव किती जणांना येतो? कार्यशाळा तो अनुभव देऊ शकते. त्यातून प्रत्येक जण लेखक होईल असे नाही. पण नोकरीचा अर्ज, बातमी, अहवाल किंवा तक्रार स्वतःच्या शब्दांत मांडता येणे, हीही छोटी कमाई नाही.

पुढे वाट आहे का?

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी मदत करते. केंद्राच्या ‘पीएम-युवा’ योजनेत २०२१ मध्ये तिशीच्या आतील ७५ लेखकांसाठी सहा महिने दरमहा ५० हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर झाली. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे. मात्र या सगळ्या संधी पूर्ण झालेल्या लेखनासाठी किंवा ठोस आराखड्यासाठी आहेत. तिथवर पोहोचण्याची सर्वांत जवळची पायरी म्हणजे महाविद्यालयाचा वार्षिकांक. कार्यशाळेतील दुसरा खर्डा थेट वार्षिकांकात जाईल अशी सोय केली, तर दोन्ही उपक्रमांना अर्थ येईल.

नाव नोंदवण्यापूर्वी काय विचाराल?

– प्रत्यक्ष लिहायला किती वेळ मिळणार?
– विद्यार्थी किती? वीसपेक्षा फार जास्त असतील, तर प्रत्येकाचे लेखन वाचून होणे कठीण.
– माझे लेखन कोण वाचणार आणि त्यावर बोलणार?
– पुन्हा लिहून दाखवण्यासाठी दुसरी बैठक आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर महाविद्यालयाकडे तशी मागणी करायला हरकत नाही. त्यासाठी पाहुण्यांचे मानधन लागत नाही की सभागृहही नाही. आठवड्यातून एक तास रिकामी वर्गखोली, दहा-पंधरा विद्यार्थी आणि त्यांचे लेखन मनापासून वाचणारे एक शिक्षक एवढे पुरते.