डॉ. अ‍ॅन्सन जोन्स : एका प्रजासत्ताकाचा अखेरचा अध्यक्ष

ज्या राष्ट्राचे अध्यक्षपद भूषविले त्याच राष्ट्राचा ध्वज आपल्या हाताने उतरविण्याचा प्रसंग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. टेक्सासचे डॉ. अ‍ॅन्सन जोन्स हे त्यांपैकी एक होत.

जोन्स यांचा जन्म 1798 साली मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. डॉक्टरकीचा परवाना मिळाला, पण जम बसेना. कर्जाने गांजलेला हा तरुण फिलाडेल्फिया, व्हेनेझुएला, न्यू ऑर्लीन्स असा भटकत 1833 मध्ये टेक्सासातील ब्राझोरिया गावी आला. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. येथे मात्र त्यांच्या हाताला यश आले. 1836 च्या सॅन जॅसिंटोच्या लढाईत ते पलटणीचे शल्यचिकित्सक होते; तरी हुद्दा त्यांनी साध्या शिपायाचाच ठेवला!

टेक्सास स्वतंत्र झाल्यावर ते विधिमंडळात गेले. वैद्यकीय व्यवसायावर कायद्याचे नियंत्रण असावे म्हणून त्यांनी तेथे खटपट केली. पुढे वॉशिंग्टनला वकील, मग परराष्ट्रमंत्री, आणि डिसेंबर 1844 मध्ये अध्यक्ष अशी त्यांची चढती कमान राहिली.

त्या वेळी एकच प्रश्न धगधगत होता : टेक्सासने अमेरिकेत विलीन व्हावे की स्वतंत्र राहावे? जोन्स यांनी निवडणुकीतही यावर अवाक्षर काढले नव्हते. निदान पक्के होईपर्यंत रोग्यापाशी काही बोलू नये, हा वैद्याचा बाणा त्यांनी राजकारणात आणला असे मला वाटते. ब्रिटिश प्रतिनिधी कॅप्टन चार्ल्स इलियट (अफूच्या युद्धात हाँगकाँग घेणारे तेच हे गृहस्थ) आणि फ्रान्सचे प्रतिनिधी यांच्या मध्यस्थीने त्यांनी मेक्सिकोकडून स्वातंत्र्याच्या मान्यतेची तयारी मिळविली. अट एवढीच, की विलीनीकरण करू नये. मग जून 1845 मध्ये मेक्सिकोशी तह आणि अमेरिकेशी विलीनीकरण असे दोन्ही पर्याय त्यांनी विधिमंडळापुढे ठेवले. मुत्सद्देगिरी म्हणून ही चाल उत्तम होती. पण अधीर जनतेला यात फितुरीचा वास आला व जोन्स यांच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. विधिमंडळाने विलीनीकरणच निवडले. 19 फेब्रुवारी 1846 रोजी ऑस्टिन येथे जोन्स यांनी प्रजासत्ताक संपल्याची घोषणा केली आणि ध्वज खाली आला.

विलीनीकरणाचे शिल्पकार आपणच, अशी त्यांची श्रद्धा होती. त्याचे फळ म्हणून अमेरिकेच्या सिनेटमध्ये आपल्याला पाठवतील, ही आशा. सिनेटर निवडण्याचा अधिकार तेव्हा राज्याच्या विधिमंडळाकडे असे, आणि त्याने सॅम ह्यूस्टन व थॉमस रस्क यांना निवडले. जोन्स आपल्या बॅरिंग्टन या शेतमळ्यावर परतले. हा मळा गुलामांच्या श्रमावर चाले, हेही सांगितले पाहिजे. मळा भरभराटला, मन मात्र खचत गेले. 1849 मध्ये पडल्याने डावा हात कायमचा निकामी झाला. 1857 मध्ये सिनेटची निवडणूक आली तेव्हा ते पुन्हा आशेने उभे राहिले. त्यांना एकही मत पडले नाही.

9 जानेवारी 1858 रोजी ह्यूस्टन शहरातील एका हॉटेलात त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. प्रजासत्ताकाचे जुने विधानभवन होते, त्याच इमारतीत हे हॉटेल होते. इतकी वर्षे मौन पाळलेल्या या माणसाने आपली कैफियत मात्र पत्रव्यवहारासह लिहून ठेवली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर, 1859 साली छापली गेली.