स्वर ऐकतो कोण : कान की मेंदू?

काही वर्षांपूर्वी एक संगीतशिक्षिका आमच्या चिकित्सालयात आल्या. त्यांची तक्रार विलक्षण होती. "वैद्यसाहेब, घरची आणि वर्गातली, दोन्ही पेट्या अर्ध्या सुराने उतरल्यासारख्या वाटतात. विद्यार्थिनींना मात्र काहीच जाणवत नाही." काळी पाचचा सूर पेटीविना अचूक लावणाऱ्या या बाईंचे कर्णपरीक्षण निर्दोष होते. वातप्रकोप गृहीत धरून आम्ही कर्णपूरण योजण्याच्या बेतात होतो.

स्वराचे ज्ञान कानातच पूर्ण होते, ही आमची समजूत अपुरी होती. अंतर्कर्णातील शंखाकृती कॉक्लियामध्ये सुमारे ३५ मि.मी. लांबीचा पडदा असतो. त्याच्या आरंभाशी उच्च आणि टोकाशी नीच स्वरांची कंपने उमटतात. याविषयीच्या संशोधनासाठी गेऑर्ग फॉन बेकेसी यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पारंपरिक दूरध्वनी सुमारे ३०० हर्ट्झखालील कंपने वगळतो आणि पुरुषाच्या आवाजाचे मूळ कंपन बहुधा १०० ते १५० हर्ट्झ असते. तरीही वडिलांचा आवाज आपणांस खर्जातलाच ऐकू येतो! पोहोचलेल्या उपस्वरांवरून मेंदू अनुपस्थित मूळ स्वर सिद्ध करतो. २००५ मध्ये मार्मोसेट वानरांच्या श्रवणकेंद्राजवळ, मूळ स्वर प्रत्यक्ष असो वा नसो, सारखाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी आढळल्या. आत्मा, इंद्रिय, मन आणि अर्थ यांच्या सन्निकर्षाने ज्ञान होते, असे चरकाचार्य सांगतात. केवळ इंद्रिय निर्दोष असणे पुरेसे नाही, हा बोध येथे मननीय आहे.

मग आम्ही औषधांचा इतिहास विचारला. आकडीसाठी तीन आठवड्यांपूर्वी कार्बामॅझेपिन सुरू झाले होते. या औषधाने काही रुग्णांना स्वर सुमारे अर्ध्या सुराने उतरलेला भासतो. अशा नोंदी विशेषतः जपानमधून प्रसिद्ध झाल्या आहेत. औषध बंद केल्यावर हा दोष सामान्यतः नाहीसा होतो. तथापि ते अकस्मात थांबविल्यास आकडी उलटण्याचा धोका असतो. म्हणून आम्ही गोळी बंद न करता बाईंना त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांनी क्रमाने औषध बदलले आणि दोन्ही पेट्या पुन्हा सुरात आल्या.

वैद्यबंधुभगिनींना एवढीच विनंती : कर्णरोगी समोर आल्यास कानात तेल घालण्यापूर्वी त्याच्या औषधांची पिशवी अवश्य उघडून पाहावी.