आयुष्याच्या टप्प्यांची गाणी

महाराष्ट्रात आयुष्याच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याला आपलं गाणं आहे. बारशाला पाळणा, आश्विनात मुलींचा भोंडला, लग्नात मंगलाष्टकं, पहिलटकरणीच्या ओटीभरणात डोहाळे आणि अखेरच्या वाटेवर अनेक गावांत टाळ-मृदंगाचं भजन. मंगलाष्टकं बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात; दर चरणात 19 अक्षरं. साचा पक्का असल्यानं घरची मंडळीही त्यात नवे शब्द बसवतात.

जात्यावरच्या ओव्यांत तर बाईचं अख्खं आयुष्य येतं: माहेर, सासर, भाऊ, लेकरं, पंढरपूर. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुढाकार घेऊन खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या.

ताल आणि यमकामुळे एक ओळ पुढची ओळ ओढून आणते, म्हणून गाणं लक्षात राहतं. उतारवयात साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी जास्त ठळक असतात, असं मानसशास्त्रज्ञांना आढळलं आहे. तरुणपणीची गाणीही त्यातच मोडतात. स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना माणसांची नावं सुचत नाहीत, पण ओळखीच्या गाण्याचे शब्द बरोबर येतात.

घरात आजी असेल, तर तिची गाणी मोबाइलवर आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. त्यातली अनेक कुठेच छापलेली नसतात.