गोदामाच्या तयार भिंती : निवड कशी करावी?

मन्नाएखेळ्ळी हे गाव सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर वसलेले आहे. तूर, उडीद, मूग, सोयाबीन यांची ये-जा या रस्त्याने बारमाही चालते आणि आलेल्या मालास कोरडे छप्पर लागते. आपल्या वाडवडिलांनी शहाबादी दगड, जांभा व चुना यांच्या वखारी बांधल्या. पुढे विटा आणि पत्रे आले. आता काँक्रीटची पॅनेले उभी करून थोड्या अवधीत गोदाम पुरे करण्याची पद्धत आपल्या दाराशी येऊन ठेपली आहे. अशा वेळी व्यापारी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : चौरस फुटास भाव काय? प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच, की हा प्रश्न पहिला नसून शेवटचा आहे, हे सभासद बंधूंच्या ध्यानात यावे.

बाजारात ‘तयार भिंत’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. त्यांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार कारखान्यात ओतलेल्या सळईबंद पॅनेलांचा. ही पॅनेले पोलादी साच्यांत ओतून, पाणी देऊन पक्की करतात आणि ट्रेलरवरून जागेवर आणतात. छपराखाली व देखरेखीत काम झाल्यामुळे माप व मजबुती यांत सारखेपणा येतो. परंतु साच्याचा खर्च पॅनेलांच्या संख्येवर वाटला जातो. एकाच मापाची शेकडो पॅनेले लागणार असतील तरच ही पद्धत परवडते.

दुसरा प्रकार जागेवरच ओतण्याचा. गोदामाची फरसबंदी आधी करावयाची, तिच्यावर चिकटू न देणारा लेप देऊन भिंती आडव्या ओतावयाच्या आणि पक्क्या झाल्यावर क्रेनने उभ्या करावयाच्या. अमेरिकेत इलिनॉय राज्यात रॉबर्ट एकेन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही रीत वापरली व पुढे तेथील असंख्य वखारी अशाच उभ्या राहिल्या. हिच्यात वाहतूक वाचते. मात्र मोकळी जागा, मोठी क्रेन आणि उत्तम फरसबंदी या तीन गोष्टी अनिवार्य आहेत. खाली काळी माती असेल, तर ती पावसात फुगते व उन्हात आकसते. ती काढून मुरूम नीट दाबल्याखेरीज फरशी टिकत नाही, आणि फरशी सदोष तर भिंतही सदोष.

तिसरा प्रकार हलक्या पॅनेलांचा. पुण्याचे बाबूराव गोविंदराव शिर्के यांनी १९४४ साली आपला बांधकाम व्यवसाय सुरू केला व पुढे स्वीडनचे सिपोरेक्स तंत्र पुण्यात आणले. सिपोरेक्स म्हणजे सूक्ष्म हवेच्या पोकळ्यांचे, वाफेच्या दाबाखाली पक्के केलेले काँक्रीट. ते साध्या काँक्रीटच्या सुमारे पाव वजनाचे असते व उष्णता कमी आत येऊ देते. आपल्याकडील उन्हाळ्यात हा मोठाच गुण होय. परंतु अशी पॅनेले बहुधा खांबांच्या मधली जागा भरण्यासाठी असतात. इमारतीचा भार खांबांनीच वाहावयाचा असतो.

चौथा प्रकार आपण रस्तोरस्ती पाहतो : खाचा असलेले खांब आणि त्यांत सरकवलेल्या पातळ फळ्या. कुंपणास ही रीत ठीक आहे. स्वस्त पडते म्हणून तिच्यावर छप्पर चढवून धान्य ठेवणे मात्र सर्वथैव अनुचित होय.

आता वजनाचा हिशेब पाहू. ६ मीटर लांब, ३ मीटर उंच व १५ सेंटिमीटर जाड असे सळईबंद पॅनेल सुमारे पावणेसात टनांचे भरते; म्हणजे ५० किलोंची १३५ पोती एकाच वेळी दोराला टांगल्यासारखे! क्रेनवर लिहिलेले टन ती अगदी जवळचेच उचलू शकते. तिचा हात जसजसा लांबतो, तसतशी क्षमता घटते. तराजूची दांडी जाणणाऱ्या व्यापाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको. म्हणून क्रेन कोठे उभी राहील, तिच्याखालची जमीन तिला पेलेल काय आणि गावातील वळणावरून ट्रेलर आत येईल काय, हे आधी पाहून घ्यावे.

तथापि खरा प्रश्न पॅनेलाचा नव्हे, सांध्याचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्याच हमरस्त्यावरील उमरग्यापासून ते गाव जवळ आहे. त्यापूर्वी तो परिसर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात असे. तेथील दगडमातीच्या भिंती जाडजूड होत्या, पण आतला थर व बाहेरचा थर एकमेकांत बांधलेले नव्हते. भिंती फुटल्या, मातीची जड धाबी खाली आली आणि हजारो माणसे दगावली. जडपणा म्हणजे बळकटी नव्हे, हा त्या पहाटेचा धडा.

काँक्रीटलाही तोच न्याय लागू पडतो. गुजरात सरकारने तयार पॅनेलांच्या हजारो एकखोली शाळा बांधल्या होत्या. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात त्यांपैकी कच्छमधील सुमारे एक-तृतीयांश कोसळल्या. दोष मुख्यतः जोडणीचा होता. भिंती व छप्पर यांना एकत्र धरून ठेवणारे बंधन अपुरे होते.

सांधा दोन रीतींनी करतात. ओल्या सांध्यात दोन्ही पॅनेलांच्या बाहेर ठेवलेल्या सळया एकमेकींत गुंतवून मधे काँक्रीट भरतात. त्यास वेळ लागतो, पण काम नीट झाले तर इमारत एकजीव होते. कोरड्या सांध्यात पोलादी पट्ट्या वितळजोडाने किंवा बोल्टांनी जोडतात. काम झटपट होते. मात्र उघडी पट्टी गंजते, म्हणून तिच्यावर आच्छादन हवे. दोन्ही रीती योग्य आहेत, परंतु त्यांचा आराखडा व हिशेब अभियंत्याच्या सहीचा असला पाहिजे.

धान्याच्या व्यापाऱ्यास सांध्याचे आणखी एक कारण आहे. फटीतून ओल येते, फटीत भुंगा लपतो, आणि कीडनाशक धुरी दिली तर वायू फटीतूनच निसटतो. फटीत भरलेला लवचीक लेपही काही वर्षांनी बदलावा लागतो. तो खर्च आजच हिशेबात धरावा. तसेच पोत्यांच्या थप्प्या भिंतीपासून दोन-अडीच फूट दूर असाव्यात. सुटे धान्य भिंतीस लावून ओतावयाचे असेल, तर ते भिंतीस बाहेर रेटते. ही गोष्ट अभियंत्यास आरंभीच सांगितली पाहिजे.

तात्पर्य, एकाच मापाची पुष्कळ पॅनेले व चांगला रस्ता असेल तर कारखान्याची भिंत घ्यावी. जागा ऐसपैस व जमीन कठीण असेल तर जागेवर ओतावी. खांबांचा सांगाडा करावयाचाच असेल तर हलके पॅनेल बरे. आणि गोदाम लहान असेल, तर विटांच्या भिंती व सळईबंद खांब यांत कमीपणा मुळीच नाही. काम कोणत्याही पद्धतीचे असो, करारपत्रात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : सांध्याचा सहीचा आराखडा, उचलण्यापूर्वी काँक्रीटच्या घनांची तपासणी, आणि छप्पर पक्के होईपर्यंत भिंतींना तिरप्या टेकूंचा आधार.

आपल्या गोदामात दुसऱ्यांचा माल असतो आणि त्याच्या भिंतीखाली हमाल बांधव दिवसभर राबतात. भावात घासाघीस अवश्य करावी, परंतु सांध्यात करू नये.